पुनर्नवा ओळखायची कशी: मराठवाड्यातल्या नवशिक्या अभ्यासकांसाठी

बांधावर, गायरानात, रेल्वे रुळाच्या कडेला, देवळामागच्या पडीक जागेत पुनर्नवा सगळीकडे पसरलेली असते. तरी ती चुकीची ओळखली जाण्याचं प्रमाण मोठं आहे. कारण सरळ आहे. बहुतेक लोक पान बघून नाव ठरवतात आणि पुनर्नवेचं पान दुसऱ्या एका रानभाजीच्या, ट्रायँथिमाच्या, पानाशी फार जुळतं. घेटुळी, खापरा, वसू ही गावाकडची नावं दोन्ही वनस्पतींना सर्रास लावली जातात, त्यामुळे नावावरून निवाडा होत नाही. आमचं सांगणं एवढंच, की पुनर्नवेचा निकाल फळावर लावा. फळ मिळेपर्यंत नोंदवहीत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

शास्त्रीय नाव बोऱ्हाविया डिफ्युजा. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानं १७५३ साली हे नाव दिलं. प्रजातीचं नाव, म्हणजे बोऱ्हाविया हा पहिला शब्द, हर्मन बोऱ्हावे (१६६८–१७३८) या डच वैद्याच्या स्मरणार्थ आहे. कुळ निक्टॅजिनेसी, म्हणजे अंगणातल्या गुलबासाचं आणि कंपाउंडवर चढवलेल्या बोगनवेलीचं कुळ. ही दोन्ही झाडं घराजवळ मिळतात आणि त्यांची फुलं मोठी असतात. म्हणून पुनर्नवेच्या दीड-दोन मिलिमीटरच्या फुलाकडे जाण्याआधी गुलबासावर हात बसवून घ्या. त्याची रीत पुढे दिली आहे.

सोबत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग हवंच, त्याशिवाय फूल आणि फळ दिसणार नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी, नवं दाढीचं ब्लेड, दोन बारीक सुया, खुरपं, एखादी टिकाव किंवा लहान पहार, कागदी पाकिटं, पेन्सिल आणि वही. पेन्सिलच घ्या, पावसात शाई फुटते. पाण्याची छोटी बाटली आणि ड्रॉपर असेल तर फळाची तपासणी जागेवरच उरकते.

केव्हा आणि कुठे

पुनर्नवा बहुवर्षायू आहे, पण तिचं बहुवर्षायूपण जमिनीखाली असतं. कोरडवाहू भागात उन्हाळ्यात वरचा सगळा पसारा वाळून जातो आणि जाड मूळ जिवंत राहतं. मृगाचा पाऊस पडला, जमीन भिजली, की मुळाच्या माथ्यावरच्या डोळ्यांतून नवे कोंब फुटतात. श्रावण-भाद्रपदात फुलं-फळं भरपूर असतात. विहिरीच्या थारोळ्याजवळ, पाटाच्या कडेला, ठिबकच्या नळीखाली ती बाराही महिने हिरवी दिसेल आणि फुललेलीही दिसेल. म्हणजे 'उन्हाळ्यात हिरवी आहे, तेव्हा ही पुनर्नवा नव्हे' असा निष्कर्ष काढू नका, आधी पाणी कुठून मिळतंय ते बघा.

शिकायला सर्वांत चांगला काळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत. एकाच फांदीवर कळी, फूल, कच्चं फळ आणि पिकलेलं फळ, चारही अवस्था मिळतात. वेळ सकाळची ठेवा. फुलं सकाळी उघडतात आणि ऊन चढलं की मिटतात. दुपारी गेलात तर मिटलेल्या फुलांची टोकं बघून परत यावं लागेल.

जागा निवडताना पायाखालची माती लक्षात घ्या. लातूर, परभणी, नांदेडकडच्या खोल काळ्या रानात वेलासारखे लांब पसरलेले नमुने मिळतात. बालाघाटच्या माळावर, मुरमाड हलक्या जमिनीत तीच वनस्पती आखूड फांद्यांची, लहान पानांची आणि जास्त तांबूस दिसते. हा फरक जमिनीचा आणि ओलीचा आहे. नवखा माणूस या दोन नमुन्यांना दोन जाती समजतो. पहिल्या वेळी दोन्ही प्रकारच्या जमिनीतले नमुने शेजारी ठेवून पाहिले तर ही गफलत होत नाही.

पहिली पायरी: उभं राहून अख्खी वनस्पती बघा

वाकण्याआधी रूप बघा. मध्यभागी एक माथा असतो आणि तिथून चहूकडे फांद्या निघतात. त्या बहुधा जमिनीलगत पसरतात, टोकं थोडी वर उचललेली असतात. एकेक फांदी हाताएवढी, कधी मीटरभर किंवा त्याहून लांब. जिथे पानांची जोडी निघते तिथे खोड किंचित फुगलेलं असतं. रंग हिरवा ते जांभळट तांबडा.

मग एक फांदी हळूच उचला. तिच्या पेरांतून जमिनीत मुळं गेलेली सहसा दिसणार नाहीत, सगळा पसारा एकाच माथ्यावर टांगलेला असतो. हराळीसारखी पेरापेरातून रुजत जाणारी वनस्पती हाती लागली असेल तर तुम्ही दुसरंच काही धरलं आहे.

दुसरी पायरी: पान

पानं समोरासमोर जोडीनं येतात, पण जोडीतलं एक मोठं आणि एक लहान. मोठं पान साधारण २ ते ५ सेंटिमीटर, लहान त्याच्या निम्म्यापर्यंत. आकार अंडाकृती ते जवळजवळ गोल, कडा किंचित लाटेसारखी, पान जाडसर. उलटं करून बघा: खालची बाजू फिकट, पांढुरकी असते. देठ चांगला लांब, कधीकधी पानाएवढाच.

इथे एक सूचना, आणि ती महत्त्वाची आहे. असमान पानांची जोडी म्हणजे पुनर्नवा असं पुष्कळ ठिकाणी शिकवलं जातं. ते अपुरं आहे. तिची सर्वांत जवळची नकल असलेल्या वनस्पतीची पानंही जोडीनं आणि असमानच असतात. पान बघून फक्त शंका घ्यायची, निर्णय करायचा नाही.

पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहिलं तर शिरांची गडद हिरवी जाळी उठून दिसते. हिरवं द्रव्य शिरांभोवतीच्या पेशींत दाटलेलं असतं. ज्वारी, मका, ऊस यांच्याप्रमाणे पुनर्नवाही सी-४ पद्धतीनं अन्न तयार करते. कडक उन्हात, कमी पाण्यात हवेतला कार्बन पकडायची ही पद्धत तिला मराठवाड्यासारख्या प्रदेशात उपयोगी पडते. ओळख पटवायला मात्र ही खूण वापरू नका, कारण नकलेतही हीच पद्धत आहे.

तिसरी पायरी: फूल, आणि त्याआधी गुलबास

गुलबासाचं एक फूल तोडा. खालचा हिरवा, पाच टोकांचा कप दिसतो त्याला सगळे बाह्यदल म्हणतात. प्रत्यक्षात ती छदं, म्हणजे फुलाखालची पानासारखी अंगं आहेत. रंगीत कर्णा म्हणजे पाकळ्या नव्हेत, ते परिदल, म्हणजे फुलाचं एकच आवरण आहे. या कुळात वेगळ्या पाकळ्या नसतातच. कर्ण्याची नळी ब्लेडनं उभी चिरा. अगदी तळाशी नळीचा फुगीर भाग आणि त्याच्या आत मोकळा बसलेला अंडाशय मिळेल. फूल झडल्यावर हाच तळचा भाग शिल्लक राहतो, टणक होतो, काळा पडतो. गुलबासाचं काळं 'बी' म्हणतात ते हेच, म्हणजे परिदलाच्या कवचात बंद असलेलं फळ. बोगनवेलीत रंगीत दिसतात ती छदं आणि त्यांच्या मध्ये उभी असलेली बारीक फिकट नळी हे खरं फूल.

एवढं समजलं की पुनर्नवेचं फूल अवघड राहत नाही. फांदीच्या टोकाला आणि पानांच्या बगलेत बारीक, पुन्हा पुन्हा फाटे फुटलेल्या दांड्या असतात. त्यांच्या टोकांवर थोड्या फुलांचे लहान झुबके. फूल गडद गुलाबी ते जांभळट, क्वचित फिकट. भिंगाखाली धरा आणि मधोमध बघा, परिदलाला कंबरेसारखी चिमटी दिसेल. चिमटीच्या वर पाच पाळ्यांचा रंगीत पेला, खाली हिरवी, उभ्या धारा (कंगोरे) असलेली नळी. पुंकेसर १ ते ३. कुक्षीचं, म्हणजे पराग झेलणाऱ्या भागाचं, टोक चपटं, छोट्या चकतीसारखं.

चिरताना लोक नेमकी एक चूक करतात. खालचा हिरवा भाग बघून अंडाशय अधःस्थ, म्हणजे फुलाच्या खाली आहे असं लिहून टाकतात. हिरवी नळी सुईनं उभी फाडा. अंडाशय आत सुटा असतो, नळीला चिकटलेला नसतो. म्हणून तो ऊर्ध्वस्थ. आत एकच बीजांड. इतकं लहान फूल कोरडं चिरलं तर चुरा होतो. काचेच्या तुकड्यावर पाण्याच्या थेंबात ठेवून चिरा.

चौथी पायरी: फळ

इथे घाई करू नका. पिकत आलेली पाच-सहा फळं एका पांढऱ्या कागदावर घ्या.

लांबी मोजा: साधारण ३ ते ३.५ मिलिमीटर. आकार खाली निमुळता, वर रुंद, गदेसारखा. वरचं टोक गोलसर. फळ टोकाकडून बघून धारा मोजा, त्या पाच असतात. भिंगातून धारांवर बारीक दांड्याच्या ग्रंथी दिसतात. आता फळ दोन बोटांत चिमटीत धरून सोडा. ते सुटत नाही, चिकटतं. रानातून आल्यावर धोतराच्या, पँटच्या कडेला, शेळ्यांच्या पायाला चिकटलेलं सापडतं ते याच ग्रंथींमुळे. पुनर्नवा एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाते ती अशी.

शेवटची चाचणी पाण्याची. फळावर ड्रॉपरनं एक थेंब सोडा आणि काही मिनिटं थांबून बघा. धारांमधल्या खाचांतून बुळबुळीत चिकट पदार्थ सुटून फुगतो. पहिल्या पावसात ओल धरायला आणि मातीला चिकटून बसायला त्याचा उपयोग होतो.

पाच धारा, गोल माथा, चिकट ग्रंथी. तिन्ही खुणा जुळल्या आणि वनस्पती जमिनीलगत पसरलेली असली, तरच वहीत प्रश्नचिन्ह खोडा.

जिच्याशी गल्लत होते ती

ट्रायँथिमा पोर्टुलाकॅस्ट्रम. श्वेत पुनर्नवा, पांढरी घेटुळी, विषखापरा अशा नावांनी हिला ओळखतात. कुळ वेगळं, आयझोएसी. सोयाबीन, तूर, कापसाच्या रानात पहिल्या पावसाबरोबर दाट उगवणारं हे तण बहुधा एकाच हंगामाचं असतं. पसरट, असमान पानांचं, तांबूस खोडाचंही मिळतं. रंगावर तर मुळीच विसंबू नका: हिच्या तांबड्या खोडाच्या आणि गुलाबी फुलांच्या झाडांनाच 'लाल पुनर्नवा' म्हणून विकलेलं दिसतं.

वेगळं करायला तीन जागा बघा. पहिली, देठाचा तळ. ट्रायँथिमात देठ खोडाला मिळतो तिथे रुंद होऊन पातळ पापुद्र्यासारखं आवरण करतो. पुनर्नवेत असं आवरण नाही. दुसरी, फूल. ट्रायँथिमाचं फूल एकेकटं, बिनदेठाचं, त्या आवरणातच अर्धं दडलेलं असतं आणि त्यात पुंकेसर दहा किंवा जास्त. पुनर्नवेची फुलं झुबक्यानं, लांब बारीक दांड्यांवर, पानांपासून दूर. तिसरी, फळ. ट्रायँथिमाचं बोंड आडवं फुटतं, झाकण निघून येतं आणि आत काळ्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या बिया असतात. पुनर्नवेचं फळ फुटत नाही.

फुलं नसतील तर तोडून बघा. ट्रायँथिमाचं खोड-पान रसदार, मांसल, दाबलं की पाणी सुटतं. पुनर्नवेची फांदी बारीक आणि चिवट असते.

बोऱ्हाविया इरेक्टा ही तिचीच सख्खी बहीण, मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, आता आपल्याकडे रस्त्याच्या कडेनं सर्रास दिसते. उभी वाढते, फुलं पांढरट ते फिकट गुलाबी. फळाला पाच धारा आहेत, पण माथा कापल्यासारखा सपाट आणि अंग गुळगुळीत. ग्रंथी नाहीत, म्हणून फळ बोटाला चिकटत नाही. फांदीच्या पेरांच्या मधल्या भागात मात्र चिकट पट्टे असतात, त्यामुळे 'चिकटतंय' एवढ्यावर भुलू नका. काय चिकटतंय ते बघा.

घोळीशी गल्लत होण्याचं खरं तर कारण नाही. फूल पिवळं, पान पळीच्या आकाराचं आणि गुळगुळीत. तरी कोवळ्या रोपांत ती होते, म्हणून रोपांवरून ओळख करूच नका.

जुन्या नोंदींत आपली वनस्पती बोऱ्हाविया रेपेन्स या नावाखालीही सापडते. नाव वेगळं दिसलं म्हणून गोंधळू नका, सोबतचं फळाचं वर्णन वाचा.

पाचवी पायरी: मूळ

मूळ प्रत्येक वेळी उपटायची गरज नाही. एका ठिकाणी दहा-बारा झाडं असतील तर अभ्यासाला एक पुरे. दोन-चारच असतील तर एकही काढू नका.

काळ्या मातीत वेळ साधणं हेच कौशल्य आहे. जमीन कोरडी असेल तर ढेकूळ फुटत नाही आणि मूळ मध्येच तुटतं. चिखल असेल तर खड्डा धरत नाही. पाऊस थांबून वाफसा आल्यावर खणा. माथ्यापासून १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर, एकाच बाजूला ३० ते ४५ सेंटिमीटर खोल चर घ्या. मग आतल्या बाजूनं माती हळूहळू चरात पाडत मूळ उघडं करा. वरून ओढायचं नाही. माथ्याशी मूळ ठिसूळ असतं, तिथेच मोडतं आणि हातात फक्त फांद्या राहतात. खुरपणीत नेमकं हेच होतं. खुरप्यानं माथ्यावरचा भाग कापला जातो, मूळ खाली शाबूत राहतं आणि पंधरवड्यात पुन्हा फुटतं. मजूर म्हणतात हे तण मरत नाही, त्याचं कारण हेच.

काढलेलं मूळ पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवा, मऊ ब्रशनं धुवा. साल खरवडू नका. पुनर्नवेचं मूळ माथ्याशी जाड, खाली निमुळतं, बाहेरून तपकिरी असतं. वाळल्यावर पीळ पडतो आणि उभ्या सुरकुत्या येतात. एका हंगामाच्या ट्रायँथिमाला असं साठवणीचं मूळ नसतं.

आता आडवा छेद. आधी घरातलं बीट कापून बघा, त्यात एकाआड एक गोल कडी दिसतात. पुनर्नवेच्या जाड मुळातही तशीच कडी आहेत आणि कारणही तेच आहे. साधारण द्विदल वनस्पतीत वाढीचा थर, म्हणजे एधा, एकच असतो आणि तो वर्षानुवर्षं काम करतो. इथे एकाच्या बाहेर दुसरा, दुसऱ्याच्या बाहेर तिसरा असे नवे थर तयार होतात. प्रत्येक थर वाहिन्यांचं एक कडं घालतो आणि दोन कड्यांच्या मध्ये साठवणीच्या मऊ पेशी राहतात. एकाच हंगामात एकाहून जास्त कडी पडू शकतात. म्हणून कडी मोजून मुळाचं वय सांगू नका, ही चूक प्रात्यक्षिकाच्या वह्यांत वारंवार दिसते.

ब्लेडनं शक्य तितका पातळ काप घ्या, पाण्यात टाका, त्यातला सर्वांत पारदर्शक उचला. आयोडीनच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकला की मऊ पेशींतले पिठूळ कण निळे-काळे होतात. शाळेतलं साधं सूक्ष्मदर्शक असेल तर त्याच पेशींत सुयांच्या जुड्या दिसतील. ते कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. ताजं मूळ बराच वेळ हाताळल्यावर नाजूक कातडी चुरचुरली तर आश्चर्य नाही. काम झालं की हात धुवा, डोळ्याला लावू नका.

सहावी पायरी: नमुना दाबून ठेवणं

फळं नसलेला नमुना ठेवण्यात अर्थ नाही. फुलं-फळं दोन्ही असलेली ३० ते ३५ सेंटिमीटरची फांदी घ्या. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा, कागद साधारण ४२ गुणिले २८ सेंटिमीटरचा असतो, त्यात मावेल अशी ती दुमडून बसवा. एक-दोन पानं उलटी ठेवा म्हणजे खालची बाजूही दिसते. मूळ ठेवायचं असेल तर उभं चिरून अर्धं ठेवा, अख्खं जाड मूळ बुरसतं.

वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर वजन द्या. पहिले चार दिवस कागद रोज बदला, पुढे एक दिवसाआड. पुनर्नवेचं पान जाडसर असल्यानं वाळायला वेळ लागतो आणि पावसाळी हवेत कागद बदलायचा राहिला तर पानावर काळे डाग पडतात. हे डाग पुढे रोगाचे समजले जातात. फळं गळतातच, म्हणून आठ-दहा फळं सुरुवातीलाच कागदी पाकिटात घालून ते कागदाच्या कोपऱ्यात चिकटवा.

कीड लागू नये म्हणून पूर्वी पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण लावत. ते जहाल विष आहे, नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. पूर्ण वाळलेला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या खाली ठेवला तरी काम होतं.

चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, जमीन कोणती, पाणी कुठलं, आजूबाजूला काय होतं (तरोटा, आघाडा, गोखरू, हराळी), वनस्पती पसरट होती की उभी आणि फुलाचा ताजा रंग हे लिहा. शेवटच्या दोन गोष्टी वाळल्यावर कळत नाहीत. चिठ्ठीविना नमुना कितीही सुबक असला तरी अभ्यासाच्या कामाचा नाही.

कुंडीत वाढवून बघायची असेल तर

वर्षभराचं चक्र समजायला हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तपकिरी पडलेली, हात लावताच सुटणारी फळं घ्या. आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो आणि बुरशी येते.

कुंडी किमान ३० ते ३५ सेंटिमीटर खोल हवी, उथळ कुंडीत मूळ वेडंवाकडं होतं. दोन भाग काळी माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती भरली तर पाणी तुंबून माथा सडतो. बी जूनमध्ये, पाऊस लागल्यावर टाका. फळं एकमेकांना चिकटतात, म्हणून कोरड्या वाळूत कालवून पसरा आणि वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती द्या. खोल पडलेलं बी उगवत नाही. रोपं चार पानांची झाली की कुंडीत एकच ठेवा, वाफ्यात ३० सेंटिमीटर अंतर.

बियांची वाट बघायची नसेल तर अभ्यासासाठी काढलेल्या मुळाचा माथा, खाली ५ ते ७ सेंटिमीटर मूळ ठेवून कापा, दिवसभर सावलीत सुकू द्या आणि डोळे वर येतील असा लावा. म्हणजे काढलेलं झाडही वाया जात नाही.

पावसाळ्यात पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या पुटकुळ्या दिसल्या तर तो पांढरा तांबेरा, अल्बुगो गटातला रोग. अशी पानं काढून जाळा आणि फांद्या मोकळ्या हवेत येतील असं करा. शेपटीवर काटा असलेली जाड अळी पानं फस्त करताना दिसली तर ती हॉक पतंगाची असते, हातानं वेचली तरी पुरतं. मार्चनंतर पाणी तोडा. फांद्या वाळतील, कुंडी फेकू नका. दोन-तीन आठवड्यांतून एकदा हलकी ओल द्या आणि मे अखेरीस माथ्याजवळची माती बोटानं बाजूला करून डोळे फुगलेत का ते बघा.

औषधाबद्दल

चरकसंहितेत पुनर्नवा वयःस्थापन (वय टिकवणाऱ्या) आणि स्वेदोपग (घाम आणायला मदत करणाऱ्या) गणांत आहे. पुनर्नवारिष्ट, पुनर्नवा मंडूर, पुनर्नवाष्टक काढा ही नावं प्रत्येक आयुर्वेदिक दुकानात सापडतात, आणि सूज व लघवीच्या तक्रारींसाठी तिचा वापर जुना आहे. मात्रा आम्ही मुद्दाम दिलेली नाही. पायावर सूज येण्यामागे हृदय, मूत्रपिंड, यकृत यांतलं काहीही असू शकतं आणि रानातलं मूळ उकळून पिण्यात तपासणीचे दिवस जातात. मूत्रपिंडाचा आजार, मुतखडा, गर्भारपण असेल, किंवा रक्तदाबाच्या नाहीतर लघवी होण्याच्या गोळ्या सुरू असतील, तर वैद्याला विचारल्याशिवाय ती पोटात घेऊ नका.

भाजीसाठी कोवळे शेंडे घेतले जातात. ओळख फळावरून पक्की झालेल्या जागेवरचेच घ्या, उकळून पाणी टाकून द्या म्हणजे पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट कमी होतं. फवारणी झालेल्या रानाच्या बांधावरची, महामार्गालगतची आणि गटाराकाठची मुळीच नको. तणनाशक बसलेली पुनर्नवा काही दिवस हिरवीच दिसते.

परवानगी आणि शंका

स्वतःच्या शेतातून अभ्यासाला एक फांदी घेण्यात अडचण नाही. गायरानातून किंवा दुसऱ्याच्या बांधावरून घेताना विचारा. गौताळा, येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर अशा अभयारण्यांत वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही तोडायचं किंवा खणायचं नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथे लागू आहे. विक्रीसाठी मुळं गोळा करायची असतील तर जैविक विविधता कायदा २००२ खाली ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, आधी तिच्याशी बोला. लोक जैवविविधता नोंदवही तयार होत असेल तर तुमची फळासकटची नोंद तिच्यात घालायला द्या. अशा नोंदवह्यांत पुनर्नवा आणि ट्रायँथिमा एकाच ओळीत लिहिलेल्या असण्याची शक्यता बरीच असते.

खुणा जुळत नाहीत असा नमुना आला तर जबरदस्तीनं नाव देऊ नका. फळांचं पाकीट, चिठ्ठी आणि ताज्या फुलाचा फोटो घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात हर्बेरियम आहे, आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. जाताना नमुना दाबलेला आणि पूर्ण वाळलेला असू द्या. ओल्या पिशवीत कोंबलेली फांदी पोहोचेपर्यंत फळं गाळून बसते.